बांधापलीकडचा सूड

३ नोव्हेंबर, सोमवार

कानिफनाथ भाऊजींनी चपला सोडल्या.

कॉलेजला निघाले तर पाटाच्या पुलावर समोरून आले. अनवाणी. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हातात कोयता. एरवी "वहिनी, निघाला का?" म्हणतात. आज नुसतं बघितलं. मी स्कूटी अशी काही पळवली की पुढच्या खड्ड्यात डबा उघडला आणि भेंडीची भाजी पर्समध्ये. सोनईला कॉलेजात शिकवायला पोचेपर्यंत मी आरशातून मागेच बघत होते.

कशावरून हे सगळं, ते लिहून ठेवते. डोकं तरी जागेवर राहील. दिवाळी सरल्यावर कल्याणने जेसीबी बोलावून आमच्या आणि भाऊजींच्या मधला बांध सरळ करून घेतला. (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे नाव लिहिलं, 'तो' लिहिलं, तर कोण बघायला येतंय?) भाऊजी म्हणजे त्याचा चुलत भाऊ, वयाने लहान. बांधावर जांभळाचं एक रोप होतं, गुडघ्याच्या वर आलेलं. भाऊजींची आई, बनुबाई, गेल्या वर्षी वारली. राख सावडल्यावर त्यांनी ती नदीला सोडली नाही. बांधावर खड्डा घेतला, त्यात घातली आणि वर जांभूळ लावलं. हल्ली पुष्कळ घरांत असं करतात. नदीही घाण होत नाही आणि आपलं माणूस आपल्या रानात राहतं.

जेसीबीने ते जांभूळ बांधासकट उचललं.

कल्याण म्हणतो, "मला काय म्हाईत? मी सावडायला गेल्तो का? झुडूप दिसलं, काढलं." खरं आहे, त्या दिवशी तो बेलापूरला होता. सावडायला मी आणि आत्या गेलो होतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई.

भाऊजी पळत आले तोवर जेसीबी निघून गेला होता. ओरडले नाहीत. रोप उचललं, गोणपाटात गुंडाळलं, खालची माती घमेल्यात भरली आणि गेले. परत आले, उरलेली माती नेली. कल्याण तिथेच उभा होता, त्याच्याकडे मान वर करून बघितलंही नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. शिवी दिली की निम्मं भांडण तिथेच उरकतं.

४ नोव्हेंबर

आजही अनवाणी. पुलावर नवा मुरूम टाकलाय. टोचत असणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गिरणीत गेले होते. बन्सी गिरणीवाला दळण कमी आणि बातम्या जास्त देतो. मी पिशवी ठेवायच्या आत सुरू झाला — "मॅडम, कानिफनं पायतान सोडलं, ऐकलं का? पायतान सोडलंय म्हंजी नेम धरलाय. उट्टं काढल्याबिगर घालायचा न्हाई आता."

मग मिरजगावकडच्या कोणाची तरी हकीकत. तो माणूस म्हणे वर्षभर अनवाणी हिंडला. "आन ज्या दिवशी पायतान घातलं ना, त्या दिवशी गावाला समजलं."

काय समजलं ते मी विचारलं नाही. पीठ गरम होतं तसंच घेऊन निघाले.

कल्याणला सांगितलं तर हसला. "कानिफ? त्याला कोंबडी कापता येत न्हाई." मी म्हटलं, माणूस आणि कोंबडी यांत फरक असतो. तर म्हणाला, "व्हय, कोंबडी पळती." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन रानात गेला. आमची लेक ओवी नगरला हॉस्टेलवर आहे ते एक बरं आहे. (पाट्यांवर अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडात नगरच.)

९ नोव्हेंबर, रविवार

विभागप्रमुख डोंगरे सरांचं नवं खूळ — कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी इंग्रजीच्या प्रत्येक प्राध्यापकाने एका मेलेल्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा लिहायची. बाकीच्यांनी टोप्या, मिठाया, घोडागाड्यांची नावं घेतली. मी घेतला 'रीकफुल' (wreakful). दुसरं काय सुचणार मला सध्या?

रीकफुल म्हणजे सुडाने भरलेला. सोळाव्या शतकात कवींच्या आवडीचा होता, मग मागे पडला. आता कोशात त्याच्यापुढे 'जुना' अशी खूण असते. त्यातला 'रीक' तेवढा अजून धडधाकट आहे. इंग्रजी पेपरात वादळ आलं की ते हमखास 'हॅवॉक' रीक करतं, म्हणजे धूळधाण उडवतं. म्हणजे सूड माणसांकडून काढून हवामान खात्याकडे दिला.

पण गंमत पुढे आहे. हजार वर्षांपूर्वी हे क्रियापद 'व्रेकान' असं होतं आणि त्याचा अर्थ नुसता सूड नव्हता. हाकलणे! ढकलून बाहेर काढणे. मागे लागणे, शिक्षा करणे, सूड घेणे — हे सगळं त्याच एका शब्दाच्या पोटात.

दुपारभर ते वाचत बसले. खिडकीतून भाऊजींची वस्ती दिसते. मधून मधून बघत होते, कोणी येतंय का.

१२ नोव्हेंबर

सकाळी भाऊजी ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होते. कोयते आमच्याकडेही चार आहेत, धार कल्याणही लावतो, चारा काही कात्रीने कापत नाहीत. हे सगळं मला कळतं. तरी मी दोनदा खिडकीशी जाऊन बघून आले.

कल्याणला पाणी धरायला एकट्याने जायचं होतं. मी मोटरसायकलची किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली. आत्यांनी नेमकं आजच वरण करायला घेतलं. किल्ली वाटीत आली. कल्याणने ती धुतली, पुसली, माझ्याकडे बघितलं आणि गेला.

तो परत येईपर्यंत मी एकही पेपर तपासला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, एकदा जाऊन भाऊजींना सांगा की चुकून झालं. दोन माणसं बरोबर घ्या, मी पण येते. कल्याणने भाकरीचा तुकडा मोडला. आत्याच बोलल्या.

"त्यांच्या दारात जायाचं न्हाई. बनुबाईची जात डूख धरनारी." मग ती विहिरीची गोष्ट. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुकड्या-तुकड्यांत ऐकलीय, आज सबंध ऐकली. विहीर आधी दोन्ही घरांची सामाईक. वाटणीत ती बनुबाईंच्या बाजूला गेली. त्यानंतर दुष्काळाचं साल आलं. आत्या हंडा घेऊन गेल्या तर बनुबाईंनी चार बायांसमोर हंडा पालथा केला. "म्हनली, ह्या हिरीवर पाय ठिवायचा न्हाई. हाकललं मला, कुत्र्यावानी. कल्याण पदराला धरून हुता. त्यानं वाटंवर सांडलेलं पानी हातानं गोळा कराया घेतलं, त मीच त्याला वढत आनला."

कल्याण ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. मला वाटलं, आईचं दुःख ऐकवत नसेल. चांगला मुलगा आहे तो.

आता माझ्या लक्षात येतंय, कोणाशी गाठ आहे ते. घागरभर पाण्यासाठी जावेला हाकलणारी आई. तिचा मुलगा आईची राख उपटली गेल्यावर काय करेल?

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या

लगेच लिहून काढते.

दुपारी कॉलेजमधून लवकर सुटले. कल्याणला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. अमावस्या, त्यात फोन बंद. बन्सीचं बोलणं डोक्यात. घरी न जाता तशीच रानाकडे वळले. पाटावरून जवळची वाट भाऊजींच्या विहिरीवरून जाते, स्कूटी तिकडेच घातली.

मोटारीच्या खोलीमागे भाऊजी उकिडवे बसले होते. पुढ्यात बोरीच्या काट्यांचं गोल कुंपण, कमरेएवढं. आत काय ते दिसेना. शेजारी कळशी. मांडीवर कोयता. पाय भेगाळलेले, एका टाचेला फडकं बांधलेलं. स्कूटीचा आवाज ऐकून वळले. डोळे लाल.

मला 'भाऊजी' म्हणायचं होतं. त्याआधी तेच बोलले.

"वहिनी," म्हणाले, "घरी जा."

एवढंच. गेले मी. कल्याण घरीच होता, अंगणात, फोन चार्जिंगला लावून झोपलेला. त्याला हलवून उठवलं आणि रडले. "आगं, काय झालं?" म्हणाला. मी भाऊजींचं नाव घेतलंच नाही. उगाच दोघांची जुंपायची.

काट्यांच्या आत काय आहे? आत्यांना विचारलं असतं तर करणी म्हणाल्या असत्या. म्हणून नाही विचारलं. मी इंग्रजी शिकवते, एमए आहे, करणी-बिरणी मानत नाही. उंबऱ्यावर मात्र मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

२४ नोव्हेंबर

लेखाचं काम पुढे सरकलं. भीती वाटली की मी वाचते. कोणी जप करतं तसं.

त्याच 'हाकलणे'वरून जुन्या इंग्रजीत हाकललेल्या माणसालाही एक शब्द होता, 'व्रेच्चा'. घरादारातून, गावातून घालवून दिलेला. आजच्या इंग्रजीत त्याचा 'रेच' (wretch) झाला — बापडा, दुर्दैवी, कधी कधी नीचसुद्धा. आणि तोच शब्द जर्मनीत राहिला तिथे त्याचा अर्थ झाला योद्धा! एकच माणूस घालवून दिलेला. एका घरी त्याचा बिचारा झाला, दुसऱ्या घरी तलवारवाला. जर्मन भाषेत सुडाचा शब्दही याच घराण्यातला आहे.

लेखात लिहिलं — सूड घेणारा माणूस आधी कधीतरी कुठून तरी हाकललेला असतो. भाषेला हे आपल्या आधी ठाऊक होतं. वाक्य वाचून मीच खूश झाले. मग खिडकीतून बघितलं आणि खुशी गेली. बांधावरून हाकललेलं जांभूळ घेऊन तिकडे एक जण बसलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

किती वेडी आहे मी! हसू का रडू कळत नाही.

सोनईच्या बाजारात जया भेटली, भाऊजींची बायको. आधी आम्ही दोघींनी दुसरीकडे बघितलं. मग मेथीच्या एकाच जुडीवर दोघींचा हात गेला. मला राहवलं नाही, तिचा हातच धरला. म्हटलं, "जया, भाऊजींच्या मनात काय आहे ते एकदा सांग. मला झोप नाही. मी तुम्हाला घाबरून राहते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तुमी आमाला भेता? आवो, आमी तुमाला भेतो."

ताडपत्रीच्या सावलीत उभं राहून तिने सगळं सांगितलं. चपला सोडल्यात तो नवस आहे. रोप उचलतानाच भाऊजी मढीच्या नाथांना बोलले — आईचं झाड लागलं, तर अनवाणी चालत येईन आणि तिथेच पायतान घालीन. "आन अनवानी हाय तवर कुनाला वंगाळ बोलायचं न्हाई, कुनावर हात उगारायचा न्हाई. म्हनून तर त्या दिवशी गप ऱ्हायले. न्हाईतर ऱ्हायले असते का? पायतान पायात असतं त कल्याणदादांना तिथंच धरलं असतं, आसं म्हनत्यात."

विहिरीजवळ काट्यांच्या आत आहे ते जांभूळ. पाटाचं पाणी बेभरवशाचं, म्हणून विहिरीला लावलं. मी गेले त्या दिवशी शेवटचं पान गळलं होतं आणि भाऊजी रडत होते. "बाप्या मानूस. तुमी बघितलं म्हनून लाजले." आणि कोयता? "कल्याणदादा परत येतील ह्या भ्यानं. जनावर यावं तसं राखत बसत्यात."

मग तिने आवाज बारीक केला. "दोन पानं फुटल्यात, ताई. तांबूस. लई कवळी. पुढच्या अमावस्येला मढी."

आम्ही दोघी बाजारात उभ्या राहून हसलो. मेथीची जुडी तिलाच दिली.

घरी येऊन कधी सांगते असं झालं होतं. जेवताना कल्याणला आणि आत्यांना सगळं सांगितलं, नवस, भाऊजींचं रडणं, दोन पानं. आत्या म्हणाल्या, "जगलं का बनुबाईचं झाड," आणि कल्याणकडे बघितलं.

"कुठं लावलंय?" कल्याणने विचारलं.

"विहिरीजवळ. मोटारीच्या खोलीमागे, म्हणून आपल्याकडून दिसत नाही."

"व्हय का," म्हणाला. भाकरी मोडली आणि नीट जेवला.

४ डिसेंबर, दत्तजयंती

लेख दिला. डोंगरे सरांना फार आवडला. सुडाचं वाक्य त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. रात्री गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी.

भाऊजी पुलावर दिसले. मीच थांबून म्हटलं, "भाऊजी, पानं फुटली म्हणे!" लहान पोरासारखे हसले.

७ डिसेंबर, रविवार

कपडे धुतले. कल्याण सकाळी तणनाशक मारून आला, बांधावर गवत फार झालंय म्हणाला. पंपाचं नोझल गळतंय, पॅन्टवर डाग. मी म्हटलं, जपून, ते हिरवं दिसेल ते जाळतं. "म्हाईत हाय," म्हणाला. खुशीत होता. हात साबणाने दोनदा धुतले. संध्याकाळी आत्यांसाठी पेढे आणले. का, विचारलं तर म्हणाला, "सहज."

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी जया बांधावर आली. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मी गेले. तिने मला विहिरीकडे नेलं.

दोन्ही पानं करपून काळी. कोवळा शेंडा हात लावला तर गळून हातात आला. काट्यांच्या आत खालचं गवतही पिवळं जळालेलं. भाऊजी रविवारी पहाटेच मोसंबी घेऊन नेवाशाला गेले होते, दोन रात्री मुक्काम झाला. काल येऊन बघितलं. तेव्हापासून घरात भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. बोलत नाहीत, पाणी घेत नाहीत.

"रोग पडला आसंल का, ताई?" जयाने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. का मी सांगावं अशी तिची इच्छा होती?

मी परत निघाले. विहिरीपासून आमच्या बांधापर्यंत गवतात जळके ठिपके. पावलापावलावर एक. गळक्या नोझलचे. बांध ओलांडून ते आमच्या शेडपर्यंत आले, पंप टांगलेल्या खुंटीखाली संपले. बांधावरचं गवत मात्र हिरवंगार होतं.

कल्याण चहा पीत होता. मी म्हटलं, "झाड का मारलंत?"

मला वाटलं नाही म्हणेल. मी देवाकडे तेवढंच मागत होते. खोटं बोल.

"आईला हाकललं तवा मी आठ वर्साचा हुतो," म्हणाला. आवाज चढला नाही. "माती चोखली मी त्या दिवशी. त्या हिरीचं पानी माझ्या आईला मिळालं न्हाई आन त्या बाईच्या राखंला रोज कळशी? बांधावर हुती तवाबी म्हाईत हुतं मला. मीच दावलं जेसीबीवाल्याला, हितून उचल."

"बेलापूर?"

"बेलापूरला गेल्तो. तूच संध्याकाळी सांगितलं, कुठं पुरली ती."

आत्या चुलीपाशी होत्या. मान खाली घालून चहा गाळत होत्या. त्यांना माहीत होतं.

इतके दिवस मी खिडकीत बसून बांधाच्या पलीकडे बघत होते. या माणसाच्या जिवासाठी घाबरले, त्याची किल्ली डाळीत लपवली, त्याच्या मागे रानात धावले. आणि दोन्ही वेळा झाडाची जागा त्याला मीच दाखवली. डोंगरे सरांना म्हणावं, लेख काढून टाका. नको, राहू दे. लेखात चूक काहीच नाही. मी चुकीच्या घराकडे बघत लिहिला.

आता त्याच्यासमोर बसायचीही भीती वाटते. आणि त्याला काही होईल ही भीती गेली नाही ती नाहीच.

झाड मेलं. म्हणजे मढी नाही. मग चपलांचं काय, ते जयाला विचारायचं धाडस झालं नाही.

११ डिसेंबर

कॉलेजला निघाले. पुलावर बन्सी उभा होता, तोंडभर हसून म्हणाला, "मॅडम, मिटलं जनू तुमचं."

त्याच्या मागून कानिफनाथ भाऊजी आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. डोक्यावर चारा नव्हता. पायांत चपला होत्या.

मला बघून थांबले. अगदी पूर्वीसारखं म्हणाले, "वहिनी, निघाला का?" आणि मग, "कल्याणदादा घरीच हाय ना?"